दोन थाऊ

उद्यमनगरात तेवीस वर्षं लेथवर उभा आहे मी.
ड्रिल काय करतं, हे मला कुणी सांगू नये.
ओतीव लोखंडात ते शिरतं तेव्हा
आधी बारीक किंकाळी, मग भुगा, मग भोक.
आणि चकमध्ये आवळलेल्या जॉबला
कुणी विचारत नाही, बाबा, दुखतंय का.

म्हणून बारा वर्षं उजव्या बाजूनं जेवलो नाही.
लवंग धरली. तुरटीच्या गुळण्या केल्या.
कुणीतरी सांगितलं म्हणून पेरूची पानं चघळली.
मटणाची नळी पोरांच्या ताटात सरकवत आलो;
त्यांना वाटलं, बाप मायाळू आहे.

या भीतीला तारीख आहे.
इयत्ता चौथी, गंगावेशीतला दवाखाना,
वर हिरवट पंखा.
इंजेक्शन चढायच्या आधीच चिमटा आत गेला.
आप्पांनी हात धरले होते, कंपाउंडरनं पाय.
बाहेर आल्यावर आप्पांनी आईस्क्रीम घेऊन दिलं, गुलाबी.
त्यातलं कुठलं गुलाबी त्याचं
आणि कुठलं माझं, कळलं नाही.

डॉक्टर इंगवले, राजारामपुरी, आठवी गल्ली.
वयानं माझ्या पुतणीएवढी.
तिनं तोंड उघडायला सांगितलं नाही.
आधी मशीनच दिलं माझ्या हातात:
"बघा, तुमच्याच धंद्यातलं आहे."
बिट बघितला. हवेवर फिरणारं, कूलंटला साधं पाणी.
जरासुद्धा डगत नव्हतं.
"माल चांगला आहे," म्हणालो, "पण मी बसणार नाही."
"बसू नका. पडून राहा.
भुलीचे मुजावर डॉक्टर येतील, शिरेतून थोडं औषध सोडतील.
तुम्ही ऐकाल, बोलाल, उघडा म्हटलं की तोंड उघडाल.
भीती तेवढी बाहेर बसेल, चपलांपाशी.
आणि हा डावा हात. वर केलात की मी थांबणार."

सहा तास उपाशी, सोबत मालन.
बोटाला चिमटा, त्यात लाल दिवा.
सुई टोचता टोचता मुजावर विचारतात,
"राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलंय ओ?"
मी म्हणालो, सकाळी अठ्ठावीस होतं,
आता एकोणतीस...

तिसाव्या फुटापर्यंत पोचलोच नाही.

"दोन थाऊ अजून घ्या, म्हणत हुतासा,"
रिक्षात मालन सांगत होती,
"डॉक्टरीण हसाय लागली. बाहेर बसून समदं ऐकलो मी."
मला काहीच आठवेना.
मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटानं ओळखणारा माणूस मी,
माझ्या आयुष्यातली पन्नास मिनिटं कुणीतरी
सफाईनं तासून नेली
आणि खाली कीससुद्धा पडला नव्हता.

घरी सुन्न गालाला हात लावून बसलो.
गाल दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.
आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली.
त्यांच्या त्या हातांचा राग होता, की आणखी काय होतं,
आत चाचपून बघितलं, सापडेना.
त्यांना तरी दुसरी रीत कुणी दाखवली होती.

पुढच्या वेळी औषध निम्मं.
तिसऱ्या वेळी शिरेत काहीच नाही,
फक्त हिरडीत एक सुई, आणि छताला एक पाल.
ड्रिल लागलं.
तीच किंकाळी, पण या खेपेला माझ्या कवटीच्या आतून.
डावा हात वर गेला. थांबलं.
थोड्या वेळानं उगाचच परत वर केला,
खरं की खोटं बघायला.
थांबलं.
जॉबनं हात वर केला आणि मशीन थांबलं!
तेवीस वर्षांत हे मी बघितलं नव्हतं.

भीती गेली म्हणणार नाही.
आठव्या गल्लीत वळलो की माझ्याआधी ती चपला काढते.
फक्त आत यायची राहिली आहे.

काल रंकाळ्यावर मालननं भडंगाचा पुडा पुढं केला.
एक शेंगदाणा जिभेनं उजवीकडं नेला.
तिथं तो जरा वेळ परक्यासारखा बसून राहिला.
मालन पाण्याकडं बघत होती, बघत नसल्यासारखं करून.
मग चावलो.