दिवा लागून गेला का

मल्हारगंजात, दुसऱ्या मजल्यावर, सकाळी सात.
चौदा बशा पोहे, चौदाही सारखे,
जीरावनाचा डबा टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत,
खडूची खूण करून.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची,
मी सगळ्यांना बजावून ठेवलेलं.
नाहीतर जिंकलं ते कशामुळे, कधीच कळत नाही.

मालिनीताई ढवळीकर. तीस वर्षं भूगोल शिकवलेला.
पोरवालजींना 'घरची वाटेल अशी' बाई हवी होती,
आणि ताईंना चष्म्याची नवी काच.
पहिलं वाक्य सात तऱ्हांनी म्हणायचं, बाकी सगळं तेच:
तेच पातळ, तीच वाफ (ओला कापूस, तापवलेला, बशीमागे),
तोच हात डब्याकडे जाणारा.
क मध्ये विचारायचं, ख मध्ये दटावायचं,
ग मध्ये कानात सांगितल्यासारखं.
'आणि ह्यातलं खरं कोणतं?'
जे बघून लोक थांबतील ते, ताई.
पहिले तीन सेकंद आपले.
पुढे माणूस अंगठ्यानं निघून जातो.
'माझ्या वर्गातून पोरं निदान पायानं जात होती,'
त्या म्हणाल्या, आणि ख पुन्हा केला.

नवव्या टेकला खाली कचऱ्याची गाडी आली,
गाणं वाजवत, नेहमीच्या वेळेला.
थांबलो.
तौसीफनं कॅमेरा बंद केला नव्हता.
ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसता पुसता
भिंगाच्या इतक्या जवळ आल्या की कपाळ चौकटीबाहेर गेलं:
'दिवा लागून गेला का रे?'

पुण्याची त्यांची भाची म्हणते, लागून गेला काय, लागला म्हणावं.
ताई म्हणतात, इंदुरात तो लागूनच जातो.

रात्री दोनला, सात तुकडे लावून झाल्यावर,
आठव्याची जागा रिकामी होती म्हणून,
खरं तर झोप आली होती म्हणून,
ते वाक्य मी तसंच पुढे चिकटवलं.

तीन दिवसांनी आकडे आले.
शंभरातले ऐंशी तिसऱ्या सेकंदाआधी पळाले,
क वरून, ख वरून, दटावणीवरूनसुद्धा.
आठव्यावर निम्मे थांबले.
कानपूरला थांबले, जयपूरला थांबले,
ज्यांना मराठीचं ओ की ठो कळत नाही ते.
पोरवालजींचा फोन: 'बुआ क्या बोल रही है, भिया?
जो भी है, ऐसे दस और बना दो.'

पण कशामुळे?
आकडा किती ते सांगतो आणि गप्प बसतो.
चष्मा नव्हता, भाषा दुसरी होती,
चेहरा फार जवळ, खालच्या गाण्याचं शेपूट आवाजात,
हातात बशीसुद्धा नाही.
एकाच वेळी पाच गोष्टी बदललेल्या,
माझाच नियम, माझ्याच हातानं.

म्हणून पुन्हा मल्हारगंज. पुन्हा चौदा बशा.
चष्म्यासह मराठी. चष्म्याविना हिंदी.
गाणं आहे, गाणं नाही.
ताईंनी पाठ केलेलं, नकाशासारखं चोख,
आणि सगळे पडले, एकूण एक.
'तेव्हा मला खरोखर माहीत नव्हतं,' त्या म्हणाल्या,
'तेवढं एक तुझ्या यादीत नाही.'

तिसऱ्या खेपेला मी कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर
काळी चिकटपट्टी लावली.
त्यांना काही सांगितलं नाही, तौसीफलाही नाही.
वाटलं, आता विचारतील.

विचारलं नाही.
हात मांडीवर ठेवून भिंगाकडे बघत बसल्या,
वर्ग शांत व्हायची वाट बघावी तशा.
पोह्यांवरची शेव नरम पडली.
तौसीफ दोनदा खोकला.
खालून गाडी आली, गेली.

अकरा मिनिटांचं आहे ते.
त्यातले पहिले तीन सेकंद
मी अजून निवडलेले नाहीत.