आकारबंद

मार्चअखेर मोजणीला मिठबावला गेलो.
नकाशावर गट पंचकोनी,
जागेवर दगड सापडले तीन.
पश्चिमेचे दोन, शिपाई म्हणाला,
ओहोटीलासुद्धा दिसत नाहीत.

गुणवंती कुबल माडाखाली जाळं पसरून बसलेली.
शेजारी तिची लेक, सहावीचं पुस्तक मांडीवर,
माझ्या टेपकडे बघत पाठ करते:
त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन, सप्त
इथं अडली.
म्हटलं, मग अष्टकोन, नवकोन, दशकोन.
दहाच्या पुढं कचेरीत नुसता आकडा लिहितो,
नावं ठेवत नाही.

"बाजू मोजतास, नि नाव कोनाचा?"
गुणवंतीनं मान वर न करता विचारलं.
तेवीस वर्षं नोकरी झाली,
हा प्रश्न कुणी काढला नव्हता.
मी आपला नियम सांगितला:
रेषा सरळ हव्यात,
एकमेकींना ओलांडायच्या नाहीत,
आणि निघालो त्याच दगडावर परत यायचं.
नाहीतर ती आकृतीच नव्हे.

"ह्यां दर्याक सांगा."

मग तिनं जाळ्याचा एक आस बोटांवर ताणला,
चार गाठी, चार बाजू,
शेजारचाही तसाच.
दोहोंमधला धागा सुरीनं कापला.
"मोजा आता."

दोन चौकोन गेले, षटकोन झाला.
चार नि चार आठ,
भरल्या सहाच.
"दोन खय गेल्यो?" लेकीनं विचारलं.
"धागो एकच होतो गो.
ह्याचो पण, त्याचो पण."

मी यंत्रातून पश्चिमेकडे बघितलं.
उत्तरेचा बांध सुरूच्या मुळांपाशी संपतो,
दक्षिणेचा वाळूत.
मधलं काही नाही,
म्हणजे हिचा गट आणि तो पलीकडचा,
ज्याचा सातबारा कुठल्याच चावडीत नाही,
आता मिळून एकच आकृती.
बाजू किती धरायच्या?

आकारबंदात पाचच आहेत.
कच्च्या नकाशावर मी पश्चिमेला तुटक रेघ ओढली,
खाली शेरा: हद्द आढळून येत नाही.
पंच म्हणून गुणवंतीची सही घेतली.
तोवर तिनं धागा पुन्हा बांधला होता,
गाठ बाकीच्यांपेक्षा जाड.

लेक नकाशावर वाकून बघत होती.
"तुटक रेघेक बाजू म्हणतत?"

मी टेप गुंडाळत राहिलो.
वाळू लागली होती,
सावकाश गुंडाळावी लागत होती.