तिसऱ्या गिअरात

गाडी चढावर दमते, एवढंच मी सांगितलं.
सगुण गावसानं बोनेट उघडलं नाही.
विचारलं, कुठल्या चढावर? माणसं किती होती?
धूर काळा की निळा?
आणि आधी शिटी वाजायची, ती वाजते का अजून?

शिटी कधी वाजायची, मला ठाऊकच नव्हतं.

साखळीच्या पुलापलीकडे त्याचं गॅरेज.
पूर्वी खाणीचे टिपर लागायचे रांगेनं,
आता पत्र्यावर दुधीचा वेल.
म्हापशाला सांगितलं होतं : टर्बो गेला. नवा घाला. साठ हजार.
मी म्हटलं, विचार करते.
एकोणीस वर्षांची गाडी, आणि तेवढ्या पैशांत
माझे मोतीबिंदू निघतील, दोन्ही डोळ्यांचे.

त्यानं एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला.
लाल धूळ.
आमच्या बाजूची खाण बंद पडून किती वर्षं झाली,
फिल्टरला अजून कोणी कळवलेलं नाही.

मग नवसोनं पत्र्याच्या डब्यात सोडणं पेटवली,
वर झाकण, झाकणाला भोक, भोकात नळी,
आणि सायकलच्या पंपानं तो धूर
इंजिनाच्या श्वासनळीत ढकलत राहिला.
मी तीस वर्षं लॅबमध्ये काढली.
स्लाइडवर जंतू दिसत नसला की त्याला रंग पाजायचा
आणि घड्याळाकडे बघत उभं राहायचं.
तसेच तिघं उभे राहिलो.
नवसोचा हात दुखला, त्यानं हात बदलला.
इंटरकूलरच्या वरच्या वाकणात, रबराच्या बगलेत,
धुराचा एक केस उगवला.

पळय, सगुण म्हणाला. म्हापशाला दाखव जा.

नळी बदलली. गाडी सुधारली,
निम्मी.
केरीपर्यंत शहाण्यासारखी, पुढं तीच धाप.
मी पुन्हा साठ हजारांचा हिशेब मांडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तो गाडीखाली झोपला.
टर्बोला एक काडी असते म्हणे,
ती ओढली की आतली पाती उघडमीट करतात.
त्यानं पकडीनं ओढली. काडी हलली नाही.
खालूनच विचारलं, बाय, गाडी किती स्पीडनं हाकता?
चाळीस, मी म्हटलं. हायवेला पंचेचाळीस.
कधीपासून?
घेतल्यापासून.

मी कितीतरी रिपोर्ट लोकांच्या हातात ठेवले,
चेहरा न हलवता.
हा माणूस गाडीखाली खुशाल हसत होता,
त्याच्या चपला हलत होत्या.
काजळी धरलीय आत, म्हणाला. ही कधी धावलीच ना.

काहीतरी शिंपडलं, काडी खेळवली, तासभर, चहासकट.
आणि मग औषध सांगितलं : चोर्ल्याचा घाट, तिसरा गिअर.
हाकायची मी. तो शेजारी. नवसो मागं, खिडकी घट्ट धरून.
चेप गो बाय, चेप.
काटा दोन हजारांवर. अडीच. 
माझा पाय सवयीनं वर यायला बघे,
तो म्हणे, पाय तिथंच.
तीन हजारांवर आरशात असा काळा ढग उठला
की मागचा स्कूटरवाला त्यात नाहीसाच झाला.
पुढच्या वळणावर सुखरूप बाहेर आला, शिव्या देत.
आणि तेव्हाच पाठीला सीटनं ढकललं,
आणि कानांना ती ऐकू आली : बारीक,
कुकर शिटी द्यायच्या आधी जे काही करतो, तशी.

नळी धरून साडेनऊशे झाले.
अठराशेच्या काट्याला अजून एक आचका देते.
सेन्सर असेल, सगुण म्हणतो. नसेलही. बघू.

कारापूरहून बाजाराला साखळीत यायला मला पाच मिनिटं लागतात.
परवा तशीच पुढं गेले, केरी, मग घाट,
वर एक यू-टर्न मारला आणि खाली आले.
भाजी राहिलीच.