एकच गुरुवार

सोहारच्या या कारखान्यात
रजेचा तक्ता माझ्याकडे असतो.
संगणकात आहेच, पण खरा तक्ता कागदाचा,
भिंतीवर, चार चिकटपट्ट्यांनी ताणलेला.
अरबाब म्हणतात, ईदपर्यंत पेन्सिलीनंच लिही.
चंद्राची सही व्हायची असते अजून.

हिशेब सोपा आहे.
चाँद रविवारी दिसला तर सोमवारी ईद,
सोम मंगळ बुध सुट्टी,
शुक्र-शनि आपलेच,
मधे उरतो एक गुरुवार
दोन घरांमधल्या बोळासारखा.
तेवढा मिळाला की सहा दिवस सलग.
रविवारी नाहीच दिसला तर ईद मंगळवारी,
गुरुवार आपोआप सुट्टीत,
आणि माझं टेबल मोकळं.

त्या गुरुवारासाठी एकतीस अर्ज आलेत.
भट्टीला ईद नसते.
सुटू शकतात नऊ.

बिजुमोननं जानेवारीतच तिकीट काढलं,
स्वस्त मिळालं म्हणून, मला न विचारता;
आता ते तिकीटच अर्जाला टाचून आणलंय.
रोनेलची बायको मस्कतला घरकामाला,
तिच्या मॅडमनी तिला दिलाय फक्त गुरुवार.
वाएल इंजिनियर अर्ज करत नाही,
नुसता विचारतो, गुरुवारी मी कुठे आहे?
दिलमान घर्तीचा अर्ज उलटा:
ईदचे तिन्ही दिवस मला कामावर लावा,
जादा पैसे मिळतात ना?
कॅम्पात बसून भिंत बघायचे कोण देतं.

आमच्या फोरमनचं नावच खमीस.
अरबीत खमीस म्हणजे गुरुवार.
पोरं त्याच्याकडे जातात, खमीस द्या म्हणतात.
तो मिशीत हसतो,
"मी एकटा. किती जणांना पुरू?"

मला हे काम बारा वर्षं.
पहिल्या वर्षी वाटलं होतं, देवासारखं वाटेल.
वाटतं रेशन दुकानदारासारखं.
सुट्ट्यांच्या छापील यादीत आमचा गणपती नाही,
तो वार्षिक रजेत बसतो, सीट मिळाली तर.
यंदाही बसणार नाही. गुहागरला फोन करून
सांगून टाकलंय, मखर भावाच्या हातानं होऊ दे.
माझ्या नावापुढचे चौकोन कोरे आहेत.
लोकांना वाटतं, माणूस न्यायी आहे.
खरं सांगू? स्वतःची रजा
स्वतः लिहायची मला लाज वाटते.

रविवारी संध्याकाळी कॅम्पच्या गच्चीवर
पाण्याच्या टाकीपाशी आम्ही दोघं.
उमर पारकर, दाभोळचा,
एकोणतिसावा रोजा नुकता सोडलेला,
खजुराची बी अजून तोंडात घोळवत.
त्यानं अर्ज केलेला नाही.
त्याची रजा मे महिन्यासाठी, लेकीच्या लग्नाला.
त्याला फक्त ईद हवीय.
आणि मी, त्याच्या खांद्याला खांदा लावून,
मनातल्या मनात म्हणतोय, नको. आज नको.
उद्या उगवलास तर सगळ्यांचं भागेल, बाबा.

पश्चिमेला डोंगर,
डोंगरावर धूळ,
धुळीवर काही नाही.
मला बरं वाटलं.
तेवढ्यात पारकरनं माझी हनुवटी धरली,
लहान पोराची धरतात तशी,
आणि जरा डावीकडे वळवली.
"हां. आता बग."

अर्धवट पुसलेली पेन्सिलीची रेघ, तेवढाच.

त्यानं मिठी मारली. गाल ओले होते त्याचे.
मीही मुबारक म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं.
मग खाली उतरलो,
ऑफिसची किल्ली घेतली,
तक्त्यापुढे उभं राहून
पहिलं नाव रोनेलचं लिहिलं,
आणि बराच वेळ
पेन्सिलीला टोक काढत बसलो.