परसातला घेवडा

लुडविकच्या परसात घेवडा चढलाय
गंजक्या लोखंडी खुंटांवर.
डुकराच्या शेपटासारखा पीळ आहे त्यांच्या टोकाला.
यांच्यावरून काटेरी तार जायची, तो सांगतो,
हातोड्याचा आवाज व्हायला नको
म्हणून रात्री पिळून पिळून रोवायचे.
मग एक शेंग मोडून
माझ्या तळहातावर ठेवतो. कोवळी आहे, खा.

खाली सोचा नदी. इतकी निळी
की खोटी वाटावी.
वरच्या खंदकांत
शेळ्या बसतात ऊन चढलं की.

दरवर्षी बटाटे काढताना काहीतरी निघतंच.
बकल. चमचा. दात.
दात तो परत पुरतो.
बकल विकतो,
हे मात्र जरा हळू सांगतो.

आज तीन बस आल्यात.
टोपीत पिसं खोवलेले म्हातारे,
दाढ ठणकत असलेला एक ब्यूगलवाला,
आणि पालेर्मोची एक बाई, जिच्या पर्समध्ये
पणजोबा आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत, गणवेशात, वय वीस.
अस्थिगृहाच्या दगडावर ती बोट फिरवते.
तिचं आडनाव तिथे सात वेळा.
यातले आमचे कुठले?
लुडविकला विचारते, जणू त्यानेच पुरलंय.
तो टोपी काढतो. एवढंच.
मग ती सातही नावांना हात लावते
आणि कुणाचा राग येऊ नये तशी
पुन्हा पहिल्यापासून लावते.

लुडविकची नात नेझा, बारा वर्षांची,
शाळेनं निवडलीय तिला नावं वाचायला.
आठवडाभर कोंबड्यांना दाणे टाकताना
घोकत होती: इटलीतली नावं, हंगेरीतली, बोस्नियातली,
ज्यांनी एकमेकांना मारलं ते सगळे
तिच्या एकाच श्वासात.
माईक करकरतो. ती वाचते. अडखळत नाही.
कागद संपतो, ती घडी घालते
आणि घडी घातल्यावर म्हणते,
आणि तोंचका. आठ महिने.

महापौर घड्याळ बघतात.
पालेर्मोची बाई छातीवर क्रूस करते,
तिला वाटतं, असेल एखादा सैनिक.
ब्यूगल वाजतं, दुखऱ्या दाढेनिशी, थोडं बेसूर.

तोफा आल्या तेव्हा गाव गाडीत भरलं होतं,
गायी मागे, बायका पुढे,
दूरच्या लाकडी बराकींत गोवर आला.
त्या मुलीनं काही जिंकलं नाही, काही राखलं नाही,
तिला बेपत्ता म्हणायची सोयही नव्हती.
तिची आई तिला कुठे ठेवलं ते जाणत होती,
फक्त तिथे परत जाता येत नव्हतं.

रात्री घेवड्याची आमटी.
कुणी सांगितलं तुला? लुडविक विचारतो.
नेझा चमच्यानं दाराची चौकट दाखवते.
युद्धानंतर तेवढी चौकटच उभी होती,
घर नंतर तिच्याभोवती बांधलं.
पोरांच्या उंचीच्या खुणा आहेत तिच्यावर, चार पिढ्यांच्या.
सगळ्यात खालची, गुडघ्याच्याही खाली,
सुरीनं कोरलेली.
कुणीतरी तिला धरून उभं केलं असणार.

बाहेर शेवटची बस वळण घेते,
तिचा उजेड खुंटांवरून, पानांवरून जातो.
लुडविक काही बोलत नाही.
मिठाची वाटी
नातीकडे सरकवतो.