चार दिवस

कॅसलबारच्या मोटार-कर कचेरीत
माझ्यासमोरच्या काचेला बोलण्यासाठी बारा भोकं आहेत.
त्यांतून थंड हवा येते, लोकांचा राग येतो.
माझं उत्तर पलीकडे पोचेपर्यंत
त्याचा फॉर्म झालेला असतो.

अट्रॅक्टा गॉहन, वय एकाहत्तर,
एरिसच्या पीटरानापलीकडून सत्त्याहत्तर किलोमीटर
स्वतः गाडी हाकत येते.
ऑनलाइन भरता येतं, मी दर वेळी सांगते.
"मग भांडू कुणाशी?" ती विचारते.

गाडी राखाडी पसाट, दोन लिटर डिझेल.
नोंदणी सत्तावीस जून दोन हजार आठ.
शेजारच्या कोलमन रुआनची गाडीही तीच, रंग तोच,
एकाच जहाजातून उतरलेली.
फक्त नोंदणी एक जुलै.
त्या जुलैपासून धूर मोजायचं ठरलं.
आधीच्या गाड्यांचं अजून इंजिनच मोजतात.
त्याला तीनशे नव्वद, तिला सातशे दहा.
मधे चार दिवस,
त्यातले दोन तर शनिवार-रविवार.

"पॅडरला घाई," ती सांगते,
"सोमवारी पुतणीचं लग्न,
म्हणे नवी गाडी चर्चच्या दारात दिसली पाहिजे.
दिसली खरी.
सतरा वर्षं फेडतोय ते दिसणं."

एकरकमी सातशे दहा तिच्याकडे कधीच नसतात.
तिमाहीचे दोनशे भरते. चार वेळा दोनशे.
नव्वद युरो वर जातात, ते कशाचे?
ते पैसे नसल्याचे.
हे मला फॉर्मवर लिहिता येत नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार पॅडर यंत्राला जोडलेला असतो,
रस्त्यापलीकडच्या इस्पितळात, चार तास.
त्याचं रक्त गाळून होईपर्यंत
ती माझ्याशी भांडते, मग सूप पिते,
मग त्याला घेऊन घरी.

धूर खोटा आहे असं मी म्हणणार नाही.
माझी नूला रात्री खोकते,
तिच्या दप्तरात निळा पंप असतो.
मी विजेची गाडी चालवते, वर्षाला एकशेवीस,
घेताना सरकारनं हजारो युरो सोडले होते
कारण बाकीचे हजारो आमच्यापाशी होते.
ही गाडी मी कचेरीमागे लावते,
काचेतून दिसणार नाही अशी.

एकदा तिनं विचारलं,
"तीस वर्षांनी गाडी 'ऐतिहासिक' होते म्हणे?"
हो. मग फक्त छप्पन्न युरो.
तिनं बोटांवर मोजलं. दोन हजार अडतीस.
"तेव्हा मी चौऱ्याऐंशीची. आणि माणूस?
माणूस किती वर्षांनी होतो?"
मागे रांगेतले दोघे हसले.
मीही हसले, जरा उशिरा.

मार्चमध्ये ती मंगळवारी आली.
मंगळवार तिचा नव्हे.
मंगळवारी तिकडून एकच बस येते.
हातात गाडीची किल्ली नव्हती,
कोटाला काळी फीत होती.
मी काही विचारलं नाही. काच होती.

"बिल्ला संपला होता," ती म्हणाली,
"संपलेल्या बिल्ल्यावर नाही चालवणार मी."
गाडी बंद ठेवल्याचा फॉर्म पुढे केला, तो तिनं परत सरकवला.
"दुकान अकरा किलोमीटरवर आहे, पोरी.
आणि त्याची बाजूची सीट मागे ढकललेली आहे
पाय पसरता यावेत म्हणून.
बंद कशी ठेवू?"

पन्नासाच्या चार नोटा.
मी मोजल्या, पुन्हा मोजल्या,
तिला भांडायला वेळ मिळावा म्हणून.
ती पावतीची घडी घालत राहिली.

बारा भोकांतून
त्या दिवशी नुसती हवा आली.