छातीत तारा असलेला माणूस

कायांबेच्या उतारावर प्लास्टिकच्या छपराखाली
अडीच लाख गुलाब उभे असतात
आणि त्यांच्या औषधांच्या गोदामाची किल्ली
माझ्या कमरेला.

कीटोहून इंजिनियर बाई आल्या,
तीन कागद टेबलावर पसरून म्हणाल्या,
डेल्फिना, एक पद्धत ठरव. सगळ्या डब्यांवर तीच.
आता हा खिचडीकारभार पुरे.

पहिला कागद पट्ट्यांचा:
लाल, पिवळी, निळी, हिरवी.
मला तो लगेच आवडला.
मग एलाडिओ आठवला. वीस वर्षं फवारतोय,
लाल आणि हिरवं त्याला एकच दिसतं,
दोन्ही वाळल्या पानासारखं.
हे त्यानं फक्त मला सांगितलंय,
दाराआड, मेंढी चोरल्यासारख्या आवाजात.

दुसऱ्यावर चार रंगांचा पतंग,
प्रत्येक घरात आकडा.
शून्य म्हणजे निर्धास्त, चार म्हणजे पळ.
पण तिसऱ्या पद्धतीच्या पत्रकात
एक सगळ्यात वाईट, चार त्यामानानं बरा.
मी दोनदा विचारलं.
हो, उलटंच आहे, बाई म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत बसल्या.

तिसऱ्यावर लाल काठाचे चौकोन,
टोकावर उभे केलेले, आत काळी चित्रं.
ज्वाळा. कवटी. थेंबानं खाल्लेला हात.
अक्षर यायला नको, बाई म्हणाल्या,
जगात कुठंही कळतं.

म्हटलं, थांबा जरा.
लुझमिलाला हाक मारली.

लुझमिला काटे काढते. एका तासात किती देठ
ते बोटांवर मोजते, कागदावर नाही.
ओल्या हातांनीच आली, एकेका चित्रावर बोट ठेवत गेली.
ही आग.
हे मढं.
हा मासा पोट वर करून, म्हणजे ओढ्यात ओतायचं नाही.
बाई माझ्याकडं बघून हसल्या.

मग शेवटचं.
माणसाचं अर्धं धड, काळंकुट्ट,
छातीत फुटलेला पांढरा तारा.
लुझमिलानं बोट उचललं,
कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा.
हे तर येशूचं पवित्र हृदय, म्हणाली,
हे औषध गुणाचं असणार.

बाईंचं हसू तिथंच राहिलं.

मी तिला समजावलं:
हे लगेच मारत नाही गं.
रोज चिमूटभर आत उतरतं,
फुप्फुसात, रक्तात, पोटातल्या बाळात.
किती दिवसांनी कळतं?
पंधरा वर्षांनी. कदाचित.
ती चित्राकडं बघत राहिली.
मग ह्याच्यात पंधरा वर्षं कुठं आहेत?

जेवणाची घंटा झाली.
बाहेर ट्रक भरत होते. खोक्यांवर
दोन बाण: ही बाजू वर.
आणि एक पेला: जपून.
गुलाबांबद्दल ह्यापलीकडं कुणाला
काही सांगायचं नसतं.

शेवटी तिसऱ्या कागदावरच सही केली.
का, ते बाईंना नीट सांगता आलं नाही.
एवढंच म्हटलं, चित्र चुकीचं वाचलं
तर माणूस तोंडानं बोलून दाखवतो काय वाचलं ते.
आकडा चुकला तर गप्प राहतो.

शनिवारभर चिकटवत बसलो, मी आणि एलाडिओ.
डबे दमट, कोपरे सारखे उचलायचे.
बाकाखाली एक कोलाची बाटली सापडली,
अर्धी, पिवळसर, झाकण घट्ट,
वर हिवाळी टोपीतलं हसरं अस्वल.
कुणी काढून ठेवलं, कुठल्या डब्यातलं,
कुणीच बोलेना.
एलाडिओ मुकाट उठला, कवटी लावली,
मग विचार करून तिच्याशेजारी तारेवालाही.
अस्वल पुरतं झाकलं गेलं.

लुझमिला अजूनही त्या फळीसमोरून जाताना
कपाळाला हात नेते.
मी तिला अडवत नाही.
आधी हातमोजे घालते,
मग क्रूस करते.